ऐंशी डाल्टनचा माग

सशाच्या स्नायूंचा खिमा करायचा, तो पाण्यात कालवायचा आणि निघालेला गढूळ अर्क गाळणकागदातून गाळून घ्यायचा. फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम मिळवण्याची ही रीत सेंट लुइसच्या कार्ल आणि गर्टी कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात घालून दिली होती. पुढच्या दशकात अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, दोन तरुण संशोधकांनी हेच एन्झाइम हाती घेतलं. एडविन क्रेब्स मूळचे डॉक्टर, युद्धानंतर कोरींच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले. एडमंड फिशर जन्मले शांघायमध्ये, वाढले आणि शिकले स्वित्झर्लंडमध्ये. १९५३ मध्ये ते सिअ‍ॅटलला आले, तेव्हा बटाट्यातल्या फॉस्फोरिलेजचा अभ्यास त्यांच्या गाठीशी होता.

स्नायूंमध्ये साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. धावायची वेळ आली की त्या साठ्यातून एकेक रेणू सुटा करून द्यायचा, हे फॉस्फोरिलेजचं काम. कोरींना या एन्झाइमची दोन रूपं सापडली होती. 'ए' रूप कुणाच्याही मदतीशिवाय काम करी. 'बी' रूपाला मात्र एएमपी नावाच्या एका छोट्या रेणूची साथ लागे. बटाट्यातल्या फॉस्फोरिलेजला एएमपी मुळीच लागत नव्हतं, हे फिशर यांना ठाऊक होतं. मग स्नायूंतल्या एन्झाइमला ते कशासाठी हवं? या प्रश्नाचा छडा लावायचा, असं दोघांनी ठरवलं.

पहिल्याच पायरीवर काम अडलं. अर्क कागदातून गाळण्याऐवजी त्यांनी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतला, तर 'ए' रूप हाती लागेना. मिळे ते नुसतं 'बी'. कोरींच्या रीतीने गाळलं की 'ए' पुन्हा हजर. पुन्हा कागदाकडे वळून पुढचं काम चालू ठेवणं सोपं होतं. या दोघांनी कागदाचाच पिच्छा पुरवला. कागदात कॅल्शियमचा अंश होता. तो अर्कात उतरत होता आणि गाळणं चालू असतानाच 'बी'चं 'ए' होत होतं. हा बदल घडायला कॅल्शियमसारख्या धातूच्या आयनांबरोबर आणखी एक गोष्ट लागत होती : एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. एटीपीच्या टोकाचा फॉस्फेट गट सुटून थेट प्रथिनावर जाऊन बसत होता. फॉस्फेट बसला की एन्झाइम जागं, काढून घेतला की पुन्हा निद्रिस्त. बसवणारं एन्झाइम वेगळं आणि काढणारं वेगळं. हे निष्कर्ष १९५५-५६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या एएमपीच्या प्रश्नापासून सुरुवात झाली होती, तो प्रश्न मात्र त्या वेळी सुटलाच नाही.

प्रथिनांमध्ये फॉस्फरस असतो, हे तसं जुनं ज्ञान होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फीबस लेव्हीन यांना १९०६ मध्येच अंड्याच्या बलकातल्या प्रथिनात तो सापडला होता, आणि १९३०च्या दशकात फ्रिट्झ लिपमन यांनी दुधातल्या केसीनमध्ये तो कोणत्या अमिनो आम्लावर बसतो ते दाखवलं होतं. पण बलक आणि दूध म्हणजे वाढत्या जिवाचं खाद्य, त्यात फॉस्फरस असणारच, असं समजून तो विषय बाजूला राहिला होता. सिअ‍ॅटलच्या कामाने त्याला वेगळा अर्थ आला. प्रथिन तयार होऊन बाहेर पडलं म्हणजे त्याची कहाणी संपत नाही. पेशी त्यावर खुणा करते, पुसते, पुन्हा करते. जनुकात प्रथिनाचा मजकूर असतो. कोणत्या घटकेला त्या प्रथिनाची कोणती अवस्था आहे, हे जनुकात कुठेही लिहिलेलं नसतं.

फिशर आणि क्रेब्स यांच्या हाती एक खूण आली होती, पण तिची जागा शोधायला आणखी काही वर्षं गेली. १९५९ मध्ये त्या जागेभोवतीच्या अमिनो आम्लांचा क्रम लागला. संपूर्ण साखळीत ८४१ अमिनो आम्लं आहेत, हे कळायला १९७७ साल उजाडलं. फॉस्फेट बसतो तो त्यातल्या चौदाव्या अमिनो आम्लावर, एका सेरीनवर. एका प्रथिनावरच्या एका जागेसाठी अर्धं आयुष्य खर्ची पडलं, पण त्या एका जागेबद्दल विचाराल ते सांगता येऊ लागलं. खूण कोण करतं, कोण पुसतं, त्यामागे कोणता संदेश असतो, परिणाम काय होतो, हे सगळं. मज्जातंतूचा हुकूम येताच स्नायूत कॅल्शियम सुटतं. त्याच कॅल्शियमने स्नायू आकुंचन पावतो आणि त्यानेच फॉस्फेट बसवणारं एन्झाइमही जागं होतं. म्हणजे धावण्याचा हुकूम आणि शिधा काढण्याचा हुकूम एकाच वेळी सुटतो. गाळणकागदातलं कॅल्शियम नकळत नेमकं हेच करत होतं. १९९२ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं, तेव्हा त्या कामाला सदतीस वर्षं होत आली होती.

*

१९५५नंतरची पंचवीस-तीस वर्षं फॉस्फेटच्या खुणा शोधण्याचं मुख्य साधन होतं किरणोत्सारी फॉस्फरस. पेशींना तो खाऊ घालायचा, प्रथिनं जेलवर पसरायची, वर एक्स-रे फिल्म ठेवायची आणि काळे डाग उमटण्याची दिवसच्या दिवस वाट पाहायची. हवा तो डाग कापायचा, आम्लात उकळून त्यातली अमिनो आम्लं सुटी करायची आणि विजेच्या ओढीने ती एका पातळ पट्टीवर वेगळी करायची. डाग सेरीनच्या जागी पडला तर फॉस्फेट सेरीनवर, थ्रिओनीनच्या जागी पडला तर थ्रिओनीनवर.

१९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या साल्क संस्थेत टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावर हाच प्रयोग करत होते. पट्टी भिजवायचं द्रावण ताजं करायचा त्यांनी कंटाळा केला आणि जुनंच वापरलं. त्याचा पीएच १.९ असायला हवा होता; वापरून वापरून तो १.७ वर आला होता. नेहमीच्या द्रावणात फॉस्फेट लागलेलं थ्रिओनीन आणि फॉस्फेट लागलेलं टायरोसीन एकाच जागी येतात. जुन्या द्रावणात ते वेगळे झाले, आणि ज्या ठिकाणी कुणी डागाची अपेक्षा केली नव्हती तिथे डाग दिसला. फॉस्फेट टायरोसीनवरही बसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. निरोगी पेशीत हा प्रकार इतका विरळ असतो की दर दहा हजार फॉस्फेटमागे जेमतेम तीन टायरोसीनवर सापडतात. पण पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारे कितीतरी संदेश याच तीनमधून जातात, आणि कर्करोगात हीच कळ अडकून बसते. रक्ताच्या एका कर्करोगात अडकलेली अशी कळ बंद करणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, त्याची मुळं या शोधात आहेत.

एवढं होऊनही रीत तीच राहिली होती. आधी संशय घ्यायचा, मग एक प्रथिन उचलायचं, मग वर्षं घालवायची. ज्या प्रथिनावर कुणाचा संशयच गेला नाही, त्यावरची खूण कशी सापडणार? सगळ्या खुणांमध्ये समान असेल आणि किरणोत्साराशिवाय ओळखता येईल, असं काहीतरी हवं होतं. तसं एक होतं : वजन. फॉस्फेट बसला की प्रथिन ८० डाल्टनने जड होतं. हायड्रोजनच्या एका अणूचं वजन साधारण एक डाल्टन. फॉस्फोरिलेजची एक साखळी सुमारे ९७,००० डाल्टनची. हे प्रमाण ९७ किलोच्या माणसाने खिशात ८० ग्रॅमचं लिंबू टाकावं तसं आहे. माणसाचा वजनकाटा हे लिंबू पकडील. रेणूसाठी मात्र तसा काटाच नव्हता.

*

अणू-रेणू तोलण्याचा काटा खरं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तयार झाला होता. जे. जे. थॉमसन यांनी विद्युतभारित निऑन वायू चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांतून सोडला, तेव्हा निऑनची दोन वजनं दिसली, २० आणि २२. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये त्या उपकरणाला अचूकपणा आणला आणि १९२२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. मास स्पेक्ट्रोमीटरचं तत्त्व तेव्हापासून आजवर तेच आहे. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वात पोकळीत सोडायचा, आणि हलका-जड कसा वळतो किंवा किती वेळात पोहोचतो त्यावरून वजन काढायचं.

अडचण पोकळीत सोडण्याची होती. वायू सहज जातो, तेल तापवून त्याची वाफ करता येते. प्रथिन तापवलं तर काय होतं ते तव्यावर फोडलेलं अंडं पाहिलं की कळतं. पांढरा भाग गोठतो, मग करपतो. त्याची वाफ कधीच होत नाही. प्रथिन शाबूत ठेवून हवेत उडवायचं कसं, या एका प्रश्नाने या विद्येला सत्तर वर्षं दाराबाहेर थांबवलं.

दार दोन बाजूंनी, जवळजवळ एकाच वेळी उघडलं. क्योटोच्या शिमाझू कंपनीत कोइची तानाका नावाचा विद्युत अभियांत्रिकीचा तरुण पदवीधर लेसरच्या झोताने मोठे रेणू उडवण्याच्या खटपटीत होता. लेसरची ऊर्जा शोषून घ्यायला तो कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड वापरत असे. १९८५च्या फेब्रुवारीत ती पूड कालवताना त्याने चुकून ग्लिसरीन ओतलं. जपानीत 'मोत्ताइनाइ' असा शब्द आहे, चांगली वस्तू वाया घालवण्याबद्दलची हळहळ सांगणारा. महागाची पूड फेकवेना, म्हणून त्याने तेच मिश्रण यंत्रात ठेवलं, ग्लिसरीन लवकर उडून जावं म्हणून लेसर मारत राहिला आणि समोरच्या आलेखाकडे बघत बसला. जो रेणू एरवी तुटून जायचा, तो शाबूत उडाला होता. १९८७ मध्ये तानाकाने तीस हजार डाल्टनच्या पलीकडची प्रथिनं तोलून दाखवली. त्याच सुमारास जर्मनीत मिखाएल करास आणि फ्रान्झ हिलेनकांप यांनी लेसर शोषणाऱ्या स्फटिकांत प्रथिन मिसळून उडवण्याची रीत बसवली. आज प्रयोगशाळांमध्ये रूढ आहे ती या दोघांची रीत.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या येल विद्यापीठात जॉन फेन होते. वायूंचे झोत हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये मांडलेली एक कल्पना त्यांनी साठी ओलांडल्यावर पुन्हा उचलली. प्रथिनाचं द्रावण बारीक सुईतून जायचं आणि सुईच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब असायचा. बाहेर पडतो तो विद्युतभारित थेंबांचा फवारा. थेंबातलं पाणी उडत जातं, थेंब आक्रसतो, भार दाटतो, थेंब फुटतो. शेवटी उरतं ते भार पांघरलेलं उघडं प्रथिन. कुठे तापवणं नाही, करपणं नाही. आणखी एक गोष्ट अशी की फवाऱ्यातल्या प्रथिनावर एक नव्हे, अनेक भार बसतात. यंत्राला कळतं ते वजन भागिले भार. चाळीस हजार डाल्टनच्या प्रथिनावर चाळीस भार बसले, तर ते हजाराच्या जागी दिसतं, आणि हजारापर्यंत मोजणारी साधी यंत्रं तर सगळीकडे होती. येलच्या नियमाप्रमाणे सत्तरीला फेन निवृत्त झाले होते. तरी १९८८च्या जूनमध्ये त्यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सुमारे चाळीस हजार डाल्टनपर्यंतच्या प्रथिनांचे आलेख मांडले. एकाच प्रथिनाची वेगवेगळ्या भारांची शिखरं जुळवून खरं वजन कसं काढायचं, याचं गणित त्या गटातल्या एका विद्यार्थ्याने बसवलं होतं. तो गटिंगेनला भौतिकशास्त्र शिकून आलेला जर्मन तरुण, मथियास मान. पुढच्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

२००२ मध्ये फेन आणि तानाका यांना नोबेल मिळालं. फेन ८५ वर्षांचे होते आणि तानाका ४३ वर्षांचे, डॉक्टरेट नसलेले, कंपनीच्या कामाच्या कपड्यांतच पत्रकारांसमोर आलेले. फेन यांनी नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकात रेणूंच्या जगातल्या हत्तींना पंख दिल्याचं म्हटलं होतं.

*

हत्ती उडाला तरी खिशातलं लिंबू कोणत्या खिशात आहे, ते कळत नव्हतं. त्यासाठी प्रथिन आधी कापावं लागतं. आपल्या पोटातलं ट्रिप्सिन हे एन्झाइम प्रथिनाच्या साखळीला लायसीन आणि आर्जिनीन या दोनच अमिनो आम्लांपाशी कापतं, त्यामुळे तुकडे कुठे पडणार हे आधीच ठाऊक असतं. हा एक तुकडा म्हणजे पेप्टाइड, साधारण हजार-दीड हजार डाल्टनचं. दीड हजारांत ८० लपत नाही.

मग तो तुकडा पुन्हा फोडायचा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डोनाल्ड हंट यांनी १९८०च्या दशकात ही रीत घडवली. पहिल्या टप्प्यात यंत्र एकाच वजनाचं पेप्टाइड वेचतं, मग वायूच्या अणूंवर आपटून ते तोडतं आणि दुसऱ्या टप्प्यात तुकडे तोलतं. माळ एकेका मण्यापाशी तुटते, त्यामुळे लागोपाठच्या दोन तुकड्यांतला फरक म्हणजे एका मण्याचं वजन. ८७चा फरक दिसला तर तो मणी सेरीन. तिथेच १६७ दिसला तर सेरीनवर फॉस्फेट बसलेला आहे. कधी कधी धक्क्याने फॉस्फेटच आधी गळतो आणि आलेखात ९८ची मोठी घसरण दिसते. ती घसरण ओळखणं हे या कामातल्या माणसांच्या डोळ्यांना पुढे सवयीचं झालं.

पण पेशीतल्या ज्या प्रथिनांवर या खुणा असतात, ती फार थोडी असतात, आणि साधा फवारा भराभर द्रावण संपवतो. मान आता हायडलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत होता. तिथे मथियास विल्म याच्याबरोबर त्याने काचेची सुई ओढून तिचं तोंड एक-दोन मायक्रॉनवर आणलं. मिनिटाला काही नॅनोलिटर, इतकंच द्रावण तिच्यातून पाझरे. एक थेंब तासभर पुरू लागला. आणि एका थेंबासमोर तासभर बसायला मिळालं, तर त्यातलं एकेक पेप्टाइड फोडून वाचता येतं.

आलेख वाचायला मात्र माणूस लागत होता, आणि एका आलेखावर दिवस जात होता. ही गाठ सुटली पुन्हा त्याच सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. हंट यांचे शिष्य जॉन येट्स आणि त्यांचे सहकारी जिमी एंग यांनी १९९४ मध्ये एक संगणक प्रणाली लिहिली. जनुकांच्या कोशातून जी जी पेप्टाइडं निघू शकतात, ती सगळी काढायची, त्यांचे आलेख कसे दिसतील ते संगणकाने मांडायचं आणि समोरच्या आलेखाशी कोणता जुळतो ते पाहायचं. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यात भर घातली, की सेरीन, थ्रिओनीन, टायरोसीन दिसलं तर ८० वाढवूनही जुळवून बघ. ज्या विद्यापीठात एका ८० डाल्टनची जागा हाताने शोधायला वर्षं गेली होती, तिथेच आता यंत्राला सगळ्या ८० डाल्टनांचा माग काढायला शिकवलं गेलं.

*

शेवटची अडचण गर्दीची होती. पेशीतली सगळी प्रथिनं कापली की लाखो पेप्टाइडं होतात आणि फॉस्फेट असलेली त्यांत हरवतात. फॉस्फेटचा भार ऋण असतो, म्हणून धन भाराच्या लोहाचे आयन लावलेल्या मण्यांना ती चिकटतात. ही युक्ती स्वीडनमधल्या उप्सालाच्या यर्कर पोरात यांच्याकडची. पण आम्लधर्मी अमिनो आम्लंही त्याच मण्यांना चिकटत. हंट यांच्या गटाने त्या आम्लांची टोकं मिथाइल गटाने आधीच झाकून टाकली, आणि २००२ मध्ये यीस्टमधल्या ३८३ जागा एका दमात जाहीर केल्या. नेदरलँड्समध्ये अल्बर्ट हेक यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइड वापरून पाहिलं, घराच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. २००४ मध्ये हार्वर्डच्या स्टीव्हन गायगी यांच्या गटाने मानवी पेशींच्या केंद्रकांतून २,००२ जागा काढल्या.

दरम्यान इतर खुणांचे आकडेही ओळखीचे झाले. युबिक्विटिन हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला चिकटवून पेशी बहुधा 'हे आता मोडीत काढा' असं सांगते. या शोधाला २००४चं नोबेल आहे. ट्रिप्सिनने कापल्यावर युबिक्विटिनचं बहुतेक अंग गळून जातं आणि लायसीनवर मागे राहतात दोन ग्लायसीन, वजन ११४. या ११४च्या मागावर जाऊन गायगी यांच्या गटाने २००३ मध्ये यीस्टमधल्या ७२ प्रथिनांवर ११० जागा दाखवल्या होत्या.

काही खुणांची वजनं तर एकमेकींच्या अंगाला अंग लावून उभी असतात. लायसीनवर अ‍ॅसिटाइल गट बसला तर ४२ डाल्टन वाढतात आणि तीन मिथाइल गट बसले तरीही ४२च. फरक आहे दशांशानंतर, ४२.०११ आणि ४२.०४७. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर या दोन्ही खुणा सापडतात. अ‍ॅसिटाइलमुळे जनुक बहुधा खुलं होतं. तीन मिथाइल नेमके कुठे बसले त्यावर ते खुलं होणार की मिटणार हे ठरतं. दशांशानंतरचा हा फरक ओळखायला आणखी बारीक काटा हवा होता. मूळच्या रशियातल्या अलेक्झांडर माकारोव्ह यांनी ऑर्बिट्रॅप हे यंत्र तयार केलं. त्यात आयन एका चातीसारख्या धातूच्या दांड्याभोवती फिरत मागे-पुढे झुलतात, आणि झुलण्याच्या गतीवरून वजन निघतं. २००५ मध्ये ते बाजारात आलं. मान यांच्या गटाने २००९ मध्ये अ‍ॅसिटाइलच्या ३,६०० जागा १,७५० प्रथिनांवर नोंदवल्या.

पण या साऱ्या प्रवासात मैलाचा दगड म्हणावा असं वर्ष २००६ आहे. मान तेव्हा म्युनिकजवळच्या मार्टिनझ्रीड इथल्या माक्स प्लांक संस्थेत होते. त्यांच्या गटाने हेला पेशी घेतल्या. या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून त्या घेतल्या गेल्या, तिला न विचारता. त्याच वर्षी ती वारली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तिच्या पेशी जगभर वाढत राहिल्या. आपल्याला पेशींच्या आतलं जे कळलं आहे त्यातलं किती तरी तिच्या देहातून आलं आहे, आणि ते सांगताना तिचं नाव घेतलं गेलं पाहिजे.

पेशींच्या तीन वाट्यांना तीन वेगळ्या वजनांची अमिनो आम्लं खाऊ घातली होती : साधी, जड, आणखी जड. मग वाढीचा संदेश देणारं ईजीएफ हे प्रथिन त्यांवर टाकून एका मिनिटापासून वीस मिनिटांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पेशी थांबवल्या आणि सगळं एकत्र करून तोललं. पेप्टाइडच्या वजनावरूनच ते कोणत्या घटकेच्या पेशीतून आलं ते कळे. निघाल्या २,२४४ प्रथिनांवरच्या ६,६०० जागा. त्यांतल्या सुमारे १४ टक्के जागांवर ईजीएफमुळे किमान दुपटीचा बदल झाला. एकाच प्रथिनावरच्या दोन जागाही एका तालात चालत नव्हत्या. एक मिनिटभरात भरून येई, दुसरी वीस मिनिटांनी. म्हणजे एकेका प्रथिनावर अनेक दिशांचे निरोप येऊन थांबत होते. १९५५ मध्ये एक खूण, २००६ मध्ये सहा हजार सहाशे.

*

मान यांच्याबरोबर काम केलेल्यांमध्ये अखिलेश पांडे हे नाव आपल्या जवळचं आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, पुढे अमेरिकेत गेले आणि मान डेन्मार्कमधल्या ओडेन्सला असताना त्यांच्यासोबत ईजीएफच्या निरोपांचा मास स्पेक्ट्रोमीटरने माग काढला. २००२ मध्ये त्यांनी बंगळुरूला इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स सुरू केली. मानवी प्रथिनं, त्यांच्यावरच्या खुणा, त्यांचे एकमेकांशी संबंध यांचा कोश तिथल्या तरुणांनी शोधनिबंध एकेक करून वाचत, हाताने नोंदी घेत उभा केला. २०१४ च्या मे महिन्यात या संस्थेच्या आणि जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने निरोगी मानवी शरीराच्या तीस प्रकारच्या नमुन्यांतून १७,२९४ जनुकांची प्रथिनं ओळखून मानवी प्रथिनांचा कच्चा नकाशा प्रसिद्ध केला.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे हाताने नोंदी घेणं. कारण यंत्राने खुणा मोजल्या आणि मोजतच आहे. आज मानवी प्रथिनांवरच्या फॉस्फेटच्या ज्ञात जागा दोन लाखांच्या पुढे गेल्या आहेत. पण त्यांतल्या बहुसंख्य जागांबद्दल आपण इतकंच सांगू शकतो की इथे ८० डाल्टन जास्त आहेत. कुणी बसवले, कशासाठी, पुसले नाहीत तर काय होईल, हे विचारलं की आलेख गप्प राहतो. फिशर आणि क्रेब्स यांच्याकडे एकच जागा होती, पण तिची त्यांना कुळकथा माहीत होती. यंत्राने आपल्याला लाखो पत्ते दिले. प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार ठोठावायचं काम अजून माणसांकडेच आहे आणि ते सावकाशच होतं. इमॅटिनिब त्या दाराशी थांबून चौकशी केल्यामुळेच मिळालं.

कुळकथा कळलेली एक खूण तर आपल्या घराघरांत पोहोचली आहे. मधुमेहाच्या रिपोर्टवर 'तीन महिन्यांची सरासरी साखर' म्हणून जो आकडा असतो, तो एचबीए१सी, म्हणजेही प्रथिनावरची खूणच. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलीनला आपण होऊन चिकटतं. ते बसवणारं एन्झाइम नाही, आणि लाल पेशीच्या १२० दिवसांच्या आयुष्यात ते सहसा सुटत नाही. म्हणून त्यातून साखरेचा हिशेब वाचता येतो. मधुमेह्यांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, हे तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर यांनी १९६८-६९ मध्ये पाहिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत साखर चिकटलेल्या प्रथिनांचा मास स्पेक्ट्रोमीटरने अभ्यास होत आला आहे.

एकाच रक्ताचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळे आकडे येऊ लागले, तेव्हा जगासाठी एक प्रमाण ठरवावं लागलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रमाणपद्धतीत हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं टोक एन्झाइमने कापतात. सहा अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड निघतं. साधं असेल तर त्याचं वजन ६९४ डाल्टन, साखर चिकटलेली असेल तर ८५६. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोघांची शिखरं शेजारी शेजारी उभी राहतात आणि त्यांचं प्रमाण मोजलं जातं. प्रमाणित पद्धतीने काम करणाऱ्या प्रयोगशाळेचं यंत्र शेवटी याच शिखरांना धरून जुळवलेलं असतं. सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर रक्त देऊन आलेल्या आजोबांच्या हातात संध्याकाळी कागद येतो, त्यावर ७.२ छापलेलं असतं. ते चष्मा लावून तो आकडा बघतात आणि रात्रीच्या जेवणात भात किती घ्यायचा ते ठरवतात.